टायसन अलीला झोपवेल का? ‘फाइट नाईट राउंड ४’ खेळून बघितला

मुहम्मद अलीची शेवटची लढत डिसेंबर १९८१ मध्ये बहामात झाली. माइक टायसन व्यावसायिक रिंगमध्ये पहिल्यांदा उतरला तो मार्च १९८५ मध्ये. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. म्हणूनच ‘कोण जिंकलं असतं?’ हा वाद आजही मिटत नाही. ईए स्पोर्ट्सने २००९ साली तो वाद थेट गेमच्या कव्हरवर आणला. ‘फाइट नाईट राउंड ४’च्या डबीवर अली आणि टायसन समोरासमोर उभे आहेत. गेम जुना आहे, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०च्या काळातला. तरी आज त्याच्यावर लिहिते आहे, कारण हा एकच वाद मनात धरून मी तो खेळले आणि बॉक्सिंग शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेने त्यात बघण्यासारखं बरंच सापडलं.

मी अकोल्यात संध्याकाळी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवते. सराव संपला, हाताची पट्टी सोडायला घेतली, की आमच्याकडे हाच विषय निघतो. पोट्टे सगळे टायसनचे. मोबाइलवर त्याच्या नॉकआउटच्या क्लिपा बघून वाढलेली ही पिढी. “मॅडम, टायसन तं अलीले दुसऱ्या राउंडातच झोपवते,” हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोण म्हणालं तेही आठवत नाही. आमच्या घरी मात्र उलटा कारभार. माझा दीर अलीचा कट्टर भक्त. त्याने सेकंडहँड प्लेस्टेशन ३ घेतला, सोबत ही डिस्क मिळाली, आणि पावसाळ्यात ग्राउंडवर पाणी साचलं की मोठी पोरं आमच्याच हॉलमध्ये जमायला लागली.

मशीनला विचारून हा वाद सोडवायची हौस नवीन नाही. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने १६ हेवीवेट चॅम्पियनांची माहिती एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला दिली आणि आलेल्या निकालांवरून रेडिओवर आख्खी स्पर्धा चालवली. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली त्याआधीच जिम जेफ्रीजकडून हरला! जेफ्रीज म्हणजे १८९९ ते १९०५चा चॅम्पियन. अली इतका भडकला की त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली ती अली-मार्सियानो लढत कॅमेऱ्यासमोर खेळवायची. १९६९ मध्ये मार्सियानोने त्यासाठी सुमारे ५० पौंड वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला आणि स्टुडिओत दोघांनी राउंडमागून राउंड चित्रित केले. शेवट वेगवेगळे घेऊन ठेवले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी पाहिलं ते मार्सियानोने तेराव्या राउंडमध्ये अलीला पाडलेलं. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. मार्सियानोला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९६९ला, तो विमान अपघातात गेला.

त्या कॉम्प्युटरने फक्त आकडे चघळले होते. ‘राउंड ४’ने अंतर मोजलंय, आणि या गेमवर माझा जीव आहे तो एवढ्याचसाठी.

बॉक्सिंगमध्ये ठोसा किती जोरात बसला यापेक्षा तो कुठे असताना बसला याला महत्त्व असतं. हात पूर्ण लांबवला आणि शेवटच्या दोन-चार इंचांत ठोसा लागला तर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खणखणीत बसतो. तोच जॅब समोरचा छातीला चिकटलेला असताना मारला तर नुसता ढकलल्यासारखा लागतो. नव्या पोरांना हे समजावताना माझा घसा बसतो. या गेममध्ये ते पडद्यावर दिसतं. अलीला घेऊन लांबून कंट्रोलरची उजवी काठी वर फेकली की जॅब टायसनच्या कपाळावर वाजतो आणि त्याचं डोकं मागे जातं. टायसन आत शिरला की अलीचे तेच हात अडकतात, ठोसे खांद्याला घासून जातात आणि टायसनच्या कोपरातून निघालेल्या आखूड हुकला, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला, एकदम वजन येतं. आधीच्या पुष्कळ गेममध्ये ठोसा एक तर लागायचा किंवा चुकायचा. इथे तो अर्धवट लागतो, घसटून जातो, हातावर अडतो. आमच्या हॉलमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी आहे, उंच, पण सारखी समोरच्याच्या अंगावर जाऊन लढणारी. तिच्या हाती अली दिला तर ती दोन राउंड टायसनकडून मार खात राहिली. तिसऱ्या राउंडला कुणी न सांगता एक पाऊल मागे गेली, जॅब टाकला, परत बाजूला सरकली. पुढच्या आठवड्यात ग्राउंडवर तिचा डावा पाय बदललेला दिसला. माझ्या लेखी गेमचे पैसे तिथेच वसूल झाले.

आकडे साधे आहेत. अली ६ फूट ३ इंच, हातांचा पल्ला ७८ इंच. टायसन ५ फूट १० इंच, पल्ला ७१. म्हणजे टायसनला प्रत्येक ठोशाआधी या फरकाचा उंबरठा ओलांडावा लागणार. पण वजन बघा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडमध्ये संपवणारा अली साधारण २१२ पौंडांचा होता. जून १९८८ मध्ये अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा टायसन २१८चा. पाच इंचांनी बुटका, तरी वजनाने जास्त. हा सगळा जोर मांड्यांत आणि कमरेत साठलेला, आणि तो कुठून येतो ते कळायच्या आत हुक जबड्यावर. ‘टायसन बुटका आहे, अली त्याला लांबूनच खेळवेल’ हे दिराचं म्हणणं इतकं सरळ नाही, असं मी त्याला तोंडावर सांगते.

टायसनची बाजू मांडायची तर पोरांकडे पुरावा आहे. अलीचे हात खाली असायचे आणि तो ठोसा चुकवताना मान सरळ मागे खेचायचा. हे कुठल्याही कोचने शिकवू नये. १९६३ मध्ये वेम्ब्लीवर हेन्री कूपरच्या डाव्या हुकने त्याला दोरांवर झोपवलं. ८ मार्च १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला जो फ्रेझरच्या डाव्या हुकने पाठीवर पाडलं. बुटका, वाकत-झुलत आत येणारा, डाव्या हुकवाला माणूस हे अलीचं दुखणं होतं, आणि टायसन म्हणजे तेच दुखणं, फक्त दुप्पट वेगाने. शिवाय फ्रेझर हळूहळू तापायचा, टायसन घंटा वाजली की पेटलेला. पोरांचा आणखी एक लाडका मुद्दा आहे ट्रेव्हर बर्बिकचा. अलीची शेवटची लढत बर्बिकनेच जिंकली, आणि पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, त्याच बर्बिकला दोन राउंडमध्ये लोळवून वीस वर्षांचा टायसन चॅम्पियन झाला. ऐकायला झक्कास वाटतं, पण या मुद्द्यात दम नाही. बर्बिकसमोरचा अली चाळिशीला टेकलेला होता, पाय गेलेले होते.

दिराकडे त्याहून भारी पुरावा आहे, टोकियो, ११ फेब्रुवारी १९९०. बस्टर डग्लस, उंच, लांब हातांचा, त्या रात्री जॅब आणि त्यामागून उजवा हात सोडत राहिला. टायसन आत आला की धरून ठेवलं, सुटला की परत जॅब. आठव्या राउंडला टायसनच्या अपरकटने, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाने, डग्लस पडला, पण उठला, आणि दहाव्या राउंडला टायसन गुडघ्यांवर माउथगार्ड शोधत होता. टायसनचं वय तेव्हा २३. म्हणजे ‘तो म्हातारा झाला होता’ म्हणायची सोय नाही. हां, तयारी नीट नव्हती, हे खरंय. तरी मला त्यात अलीचा नकाशा दिसतो. डग्लसने एका रात्री जे केलं ते १९६६चा अली दर लढतीत करायचा, तेही जास्त वेगाने. आणि टायसनसमोर पहिल्या चार-पाच राउंडांत कुणी पडला नाही की त्याचे कॉम्बिनेशन, म्हणजे सलग जोडून मारलेले ठोसे, सुटे सुटे व्हायला लागायचे. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने त्याला बारा राउंड मिठी मारून काढले. सुंदर नव्हतं, पण तो उभा राहिला.

स्वतः टायसनने १९८९ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर, अली शेजारी बसलेला असताना, अलीच श्रेष्ठ असं सांगून टाकलं होतं. पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, “थे तं मोठ्या माणसाचा मान ठेवला मॅडम.” असेलही. टायसनला बॉक्सिंगचा इतिहास तोंडपाठ होता, जुन्या लढतींच्या फिल्म बघत तो मोठा झाला. त्याच्या बोलण्यात नुसता मान होता असं मला वाटत नाही.

माझं मत विचाराल तर १९६६चा अली, १९८८चा टायसन, बारा राउंड: अली पहिल्या चार राउंडांत एकदा तरी पडतो, नवव्या-दहाव्याला टायसन थांबवला जातो किंवा गुणांवर हरतो. पंधरा राउंड असले तर मला शंकाच नाही.

गेममध्ये काय होतं? काठी कुणाच्या हातात आहे यावर सगळं. दोघांच्या हातांत फरक असेल तर ती लढत अली-टायसनची राहतच नाही. म्हणून आम्ही नियम केला: प्रत्येक जोडी दोनदा खेळायची, दुसऱ्यांदा बॉक्सर अदलाबदल. दोन्ही वेळा एकच बॉक्सर जिंकला तरच त्यावर बोलायचं. “वहिनी, हा डाव धरायचा नाही,” हे वाक्य दिराच्या तोंडून मग बंद झालं. या नियमाने सगळ्यात ठाम उत्तर आलं ते जॉर्ज फोरमन विरुद्ध टायसनचं: फोरमन. आणि ते माझ्या मताशी जुळतं. फोरमनसमोर आत शिरायचं म्हणजे त्याच्या अपरकटवर चालत जायचं. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला फ्रेझर असाच चालत गेला आणि दोन राउंडांत सहा वेळा पडला. फोरमन दोन्ही पंजे पुढे करून समोरच्याच्या खांद्याला ढकलायचा, हवं तितकं अंतर करून घ्यायचा आणि मग मारायचा. बुटक्या आक्रमक बॉक्सरसाठी याहून वाईट माणूस हेवीवेटच्या इतिहासात सापडणार नाही. पोट्ट्यांना हे पटत नाही. टायसनचं डोकं फ्रेझरपेक्षा जास्त हलायचं, असं ती म्हणतात, आणि ते खरंही आहे.

लेनॉक्स लुईस या गेममध्ये आहे, आणि त्याच्यावरून एक जुना हिशेब चुकता करून घेते. जून २००२ मध्ये मेम्फिसला लुईसने टायसनला आठव्या राउंडला बाद केलं, तेव्हापासून टायसनवाले सांगतात की म्हाताऱ्या टायसनला हरवण्यात काय मोठं. लुईसचा जन्म सप्टेंबर १९६५चा आणि टायसनचा जून १९६६चा. म्हातारा कोण होता मग? शरीर कुणाचं जास्त झिजलं होतं हा वेगळा प्रश्न, आणि तो रास्त आहे.

आता सगळ्यात रंगलेला भाग. गेममध्ये आपला बॉक्सर स्वतः घडवता येतो. मला १९३८चा जो लुई हवा होता, ज्याने यँकी स्टेडियममध्ये मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं तो. उंची, वजन, पल्ला भरायला वेळ लागला नाही: जवळपास ६ फूट २, २०० पौंडांच्या आत, ७६ इंच. मग गुणांच्या पट्ट्या आल्या. उजव्या हाताची ताकद? सगळे एकमुखाने वर. हातांचा वेग? वरच. पायांचा वेग? लुई पाय घासत, सावकाश पुढे यायचा, मी खाली ओढला. आणि मग एका पोराने विचारलं, “मंग हनुवटीले किती देता मॅडम?”

हनुवटी म्हणजे ठोसा खाऊन उभं राहायची ताकद. तिथे आमचा आख्खा पाऊण तास गेला. श्मेलिंगनेच १९३६ मध्ये लुईला बाराव्या राउंडला बाद केलेलं. ब्रॅडॉककडून १९३७ मध्ये चॅम्पियन झाला त्या लढतीत पहिल्याच राउंडला पडला. टू-टन टोनी गॅलेंटोने १९३९ मध्ये पाडला, बडी बेअरने १९४१ मध्ये दोरांतून बाहेर फेकला. म्हणजे हनुवटी कच्ची? पण प्रत्येक वेळी, श्मेलिंगची ती एक रात्र सोडली तर, तो उठला आणि जिंकला. १९३७ ते १९४९ सलग चॅम्पियन, २५ वेळा किताब राखला, आजवर कुठल्याही हेवीवेटला ते जमलेलं नाही. हनुवटीला ७० दिले तर टायसन त्याला पाडणार, ९० दिले तर लुईचा उजवा हात टायसनला झोपवणार. निकाल आम्ही घंटा वाजायच्या आधीच, एक पट्टी डावीकडे-उजवीकडे सरकवून ठरवत होतो. वोरोनरच्या कॉम्प्युटरमध्ये जेफ्रीजने अलीला हरवलं तेव्हाही कुणीतरी अशीच पट्टी सरकवलेली असणार. अली भडकला ते मला आता अगदी आतून कळलं. डिस्कवर आलेल्या अली-टायसनचे आकडेही कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेले आहेत. त्या माणसांनी काम मन लावून केलंय, पण ते त्यांचं मत आहे.

गेमला जमलेलं नाही ते म्हणजे काळ. कुठला अली? १९६६चा नाचणारा, की ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात दोरांना टेकून फोरमनला आठ राउंड ठोसे मारू देणारा? ही दोन वेगळी माणसं आहेत. मधली साडेतीन वर्षं व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याबद्दल त्याच्याकडून हिसकावली गेली होती, आणि परत आला तेव्हा पाय तसे राहिले नव्हते. त्याची जागा जबड्याने, डोक्याने आणि क्लिंचने, म्हणजे समोरच्याला मिठीत अडकवण्याने, घेतली. समोरच्याची मान डाव्या हाताने धरून डोकं खाली दाबणं ही त्याची खास चाल, जानेवारी १९७४च्या दुसऱ्या फ्रेझर लढतीत तिच्यावरून केवढा गदारोळ झाला. टायसनविरुद्ध हीच चाल सगळ्यात कामाची, आणि गेममधल्या क्लिंचमध्ये ती उतरत नाही. वजनाचंही तसंच. १९५२ मध्ये वॉलकॉटला बाद करून चॅम्पियन झालेला मार्सियानो १८४ पौंडांचा होता. आजच्या हिशेबाने तो क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातला, कारण ती मर्यादा २०० पौंडांवर आहे. या काळातल्या ६ फूट ९ इंचांच्या ब्रिटिश चॅम्पियन टायसन फ्युरीसमोर त्याला उभं करणं हा प्रश्नच चुकीचा मांडलाय असं मी म्हणते, मग त्याचा रेकॉर्ड ४९ पैकी ४९ का असेना. उलट फ्युरीहून बुटक्या, युक्रेनच्या उसिकने मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला गुणांवर हरवून दाखवलं की मापं सगळं ठरवत नाहीत. बघा, परत वाद सुरू झाला.

कॉमेंट्रीतला एक आवाज टेडी अ‍ॅटलसचा आहे हे जाता जाता सांगायला हवं. हा माणूस टायसनचा गुरू कस डमाटो याचा सहायक होता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या जिममध्ये किशोरवयीन टायसनला त्यानेच शिकवलं आणि १९८२ मध्ये दोघांचं कायमचं फाटलं. त्याच्या तोंडून टायसनच्या लढतीचं वर्णन ऐकताना मी दर वेळी कान टवकारते.

राउंडच्या मधल्या वेळेत कोपऱ्यात बसून मिळालेले गुण दम, ताकद आणि जखमा यांत वाटायचे असतात. तो भाग पोरांनी जरूर स्वतः करावा, आपोआप वाटपावर सोडू नये. एका मिनिटात कोचला काय काय ठरवावं लागतं याची त्यातून चांगली चुणूक मिळते. पडल्यावरच्या संथ रीप्लेमध्ये ठोसा कुठून आला ते थांबवून दाखवता येतं. मी ते शिकवायलाही वापरते.

घ्यावा का? तुम्ही आणि तुमच्यासारखाच एखादा वेडा एका सोफ्यावर बसणार असाल तर डोळे झाकून घ्या. एकट्याने खेळायला घेऊ नका. ऑनलाइन सेवा बंद झालेली आहे, आणि या गेमची गंमत शेजारी बसून भांडण्यात आहे. प्लेस्टेशन ३ची डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर चालत नाही, त्यामुळे जुनं मशीन लागेलच. नवंच मशीन असेल तर शेफिल्डमध्ये बनलेला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण रूपात आलेला ‘अनडिस्प्युटेड’ आहे, त्यात अली, फ्रेझर, मार्सियानो, फ्युरी आणि उसिक एकाच यादीत आहेत. तो मी अजून पुरेसा खेळलेले नाही. सेकंडहँड घेताना दोन कंट्रोलर मागून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी दोन्हींच्या उजव्या काठ्या दुकानातच चारही दिशांना फिरवून बघा. ठोसे सगळे त्या काठीवर आहेत. ती जराशी ढिली असली तरी जॅबच्या जागी हुक निघतो, आणि अलीला घेऊन बसलेल्याचं काही खरं नाही.